इंग्रजी वाचनाचा पाया : अक्षरांची नावे आणि अक्षरांचे ध्वनी

खेड्यातील प्राथमिक शाळेवरून जात असता आत इंग्रजीचा तास चालू असेल, तर एक ठरावीक घोष कानी पडतो : ‘सी–ए–टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ मुले तालात व उच्च स्वराने म्हणत असतात. फळ्यावर मांजराचे चित्र असते. पाठ उत्तम झाल्याचे समाधान शिक्षकांस वाटत असते. परंतु त्याच वेळी फळ्यावरील ‘सी’ पुसून तेथे ‘एम’ लिहिले आणि मुलांस वाचावयास सांगितले, तर तो घोष एकाएकी थांबतो. ‘एम–ए–टी’ येथवर सर्व जण येतात. त्यापुढे ‘मॅट’ हा शब्द कोणासही सापडत नाही, कारण तो त्यांना अद्याप कोणी सांगितलेला नसतो. एक अक्षर बदलताच जे ज्ञान निकामी होते त्यास वाचन म्हणता येणार नाही. ते केवळ पाठांतर होय.

दुसरी-तिसरीच्या वर्गात हा दोष सहसा ध्यानात येत नाही. शब्द थोडे असतात आणि लहान मुलांची स्मरणशक्ती तीव्र असते. पाचवी-सहावीत मात्र पुस्तकातील नवे शब्द शेकड्यांनी वाढतात व प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करणे अशक्य होते. मग वर्गात पुढे बसणारे मूल हळूहळू मागे सरकते, धडा वाचण्याची पाळी आली की खाली पाहू लागते, आणि ‘मला इंग्रजी येत नाही’ या वाक्याचे ‘मला काहीच येत नाही’ असे रूपांतर त्याच्या मनात कधी होते ते कोणास कळतही नाही. वास्तविक हेच मूल मराठीतील अनोळखी शब्द कोणाच्याही साहाय्यावाचून वाचत असते. उणीव त्याच्या बुद्धीत नसते; त्याला वाट चुकीच्या बाजूने दाखविली गेलेली असते.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तत्पूर्वी ते पाचवीपासून शिकविले जाई. या बदलामुळे इंग्रजीचा पाया घालण्याचे काम प्राथमिक शिक्षकाकडे आले. ज्यांच्याकडे हे काम आले त्यांतील अनेकांनी स्वतः इंग्रजी पाचवीत व तेही घोकंपट्टीनेच शिकलेले होते. तेव्हा आपणास जसे शिकविले गेले तसेच आपण शिकवावे, हे घडणे स्वाभाविक होते. पुढील विवेचनात या पद्धतीतील दोष कोठे आहे आणि तो दूर करण्यासाठी मराठी मुलाजवळ कोणते भांडवल आधीच आहे, याचा विचार केला आहे.

मुलाजवळची शिदोरी

मराठी वर्णमालेत अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी यांत भेद नाही. ‘म’ या अक्षरास ‘म’ म्हणतात आणि ते ‘म’ असेच वाचतात. शिवाय या वर्णांची मांडणी कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ अशा उच्चारस्थानांच्या क्रमाने झालेली आहे. इंग्रजी वर्णमालेचा क्रम प्राचीन फिनिशियन लिपीपासून ग्रीक व लॅटिन भाषांच्या वाटेने आलेला आहे. त्यात अशी ध्वनींची व्यवस्था नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तेथे अक्षराचे नाव एक असते आणि ध्वनी दुसरा असतो. ‘एच’ या नावात ‘ह’ ऐकू येत नाही. ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ नाही. ‘सी’ या नावात ‘स’ आहे, परंतु ‘कॅट’ या शब्दात त्या अक्षराचा उच्चार ‘क’ आहे. मुलाने ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ ही तीन नावे कितीही जलद उच्चारली तरी त्यांतून ‘सीएटी’ निघेल, ‘कॅट’ निघणार नाही.

इंग्रजीत अक्षरे २६ असली तरी बोलण्यातील ध्वनी सुमारे ४४ आहेत. त्यांपैकी सुमारे २० स्वरध्वनी असून त्यांचा भार मुख्यतः पाच स्वराक्षरांस वाहावा लागतो. ही अडचण खरी आहे. परंतु मराठी मूल तीस सामोरे जाते तेव्हा रिक्त हस्ताने जात नाही. लेखनातील खूण म्हणजे बोलण्यातील ध्वनी, हे वाचनाचे मुख्य रहस्य त्याला मराठीने आधीच शिकविलेले असते. ‘क्’ला ‘आ’ मिळाला की ‘का’, ‘इ’ मिळाली की ‘कि’, ही बाराखडी म्हणजे ध्वनी जोडण्याचाच अभ्यास होय. जोडाक्षर लिहिताना अक्षराचा पाय मोडावयास तो शिकलेला असतो. याच दोन गोष्टी इंग्रजी वाचनाच्या किल्ल्या आहेत.

या ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील पाच वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ‘कॅट’ हा शब्द त्याच्या तोंडी असतोच. तो अक्षरांतून कसा ओळखावा एवढेच त्याला शिकावयाचे असते. मराठी मुलास अक्षरांची युक्ती माहीत असते, पण शब्द माहीत नसतो. म्हणून इंग्लंडमधील पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. येथे शब्द प्रथम कानावर पडला पाहिजे, वस्तू वा चित्र पाहून त्याचा अर्थ समजला पाहिजे, तो तोंडी बसला पाहिजे आणि त्यानंतर तो डोळ्यांपुढे अक्षरांत यावा. कान, तोंड, डोळा व हात असा हा क्रम आहे.

पहिली सहा अक्षरे

आरंभीच संपूर्ण वर्णमाला ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत पाठ करून घेण्याचे कारण नाही. नावांचे गाणे मुलांना आवडत असेल तर ते अवश्य म्हणावे. परंतु वाचनाच्या पाठात आरंभी नावे बाजूस ठेवून ध्वनीच सांगावेत. प्रथम ‘एस’, ‘ए’, ‘टी’, ‘पी’, ‘आय’ आणि ‘एन’ ही सहा अक्षरे घ्यावीत. यांचे ध्वनी अनुक्रमे स्, ॲ, ट्, प्, इ आणि न् असे सांगावेत. या सहा अक्षरांतूनच सॅट, पॅट, टॅप, नॅप, पॅन, पिन, टिन, टिप, सिप, निप, पिट, सिट, इन, इट, ॲट, ॲन, स्पिन, स्नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात. दोन आठवड्यांत मूल स्वतः शब्द वाचू लागते. हा अनुभव त्याला लवकर मिळणे फार महत्त्वाचे आहे.

ध्वनी सांगताना व्यंजनाचा पाय मोडलेला असावा. ‘प’ नव्हे, ‘प्’. ‘ट’ नव्हे, ‘ट्’. शिक्षकाने ‘प–इ–न’ असे पूर्ण अक्षरांनी सांगितले तर मूल ‘पइन’ असे जोडील आणि तो दोष त्याचा नसेल. मुलांना हे सहज समजते, कारण पाय मोडणे त्यांना ठाऊक असते. स्, न्, म् हे ध्वनी लांबविता येतात. म्हणून जोडण्याच्या पहिल्या पाठात असे ध्वनी शब्दाच्या आरंभी असलेले बरे. ‘स्स्स्–ॲ–ट्’ म्हणता म्हणता ‘सॅट’ आपोआप ऐकू येते.

पाठाची रीत साधी आहे. शिक्षक फळ्यावर शब्द लिहितात व एकेका अक्षराखालून बोट फिरवितात. मुले ध्वनी म्हणतात, नंतर बोट सलग फिरते आणि मुले शब्द म्हणतात. त्यानंतर उलट क्रिया करावी. शिक्षक ‘टिप’ म्हणतात. मुले तीन बोटे उभारून ‘ट्, इ, प्’ असे ध्वनी मोजतात आणि पाटीवर तीन अक्षरे लिहितात. जोडणे आणि फोडणे या दोन्ही क्रिया रोज व्हाव्यात. पहिलीने वाचन येते व दुसरीने लेखन येते. स्पेलिंग म्हणून निराळे काही घोकण्याची आवश्यकता अशा शब्दांपुरती तरी उरत नाही.

सहा अक्षरे पक्की झाली की पुढील चार-सहा घ्यावीत व जुन्यांशी मिसळावीत. ‘बी’ व ‘डी’ ही आकाराने सारखी अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत. पाचही स्वराक्षरांचे ह्रस्व ध्वनी झाल्यावर एक शब्दमाला फळ्यावर मांडता येते : बॅग, बेग, बिग, बॉग, बग. पिशवी, याचना करणे, मोठा, दलदल, किडा. दोन्ही बाजूंची व्यंजने तीच आहेत; केवळ मधला स्वर बदलतो आणि अर्थ पालटतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी जे काम करतात तेच काम येथे मधले अक्षर करते, हे मुलांना दाखवून द्यावे.

मुलाला वाचता येते की केवळ आठवते, हे ओळखण्याचा एक उपाय आहे. कधी कधी अर्थ नसलेले शब्द वाचावयास द्यावेत. जसे ‘निस’. इंग्लंडमध्ये २००६ साली शासकीय समितीच्या अहवालाने ध्वनींपासून आरंभ करण्याची शिफारस केली आणि २०१२ पासून तेथील पहिल्या वर्षाच्या मुलांची ४० शब्दांची एक लहानशी तोंडी चाचणी सुरू झाली. त्या ४० शब्दांपैकी २० शब्द बनावट असतात. पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. वर्गात मात्र असे शब्द ‘परग्रहावरील प्राण्याचे नाव’ म्हणून खेळात द्यावेत आणि त्यांना अर्थ नाही हे मुलांना स्पष्ट सांगावे; अन्यथा ती तो शब्द खरा समजून लक्षात ठेवतील.

मराठी जिभेच्या सवयी

काही चुका मुले पुन्हा पुन्हा करतात. त्यांचे मूळ मराठी उच्चारात आहे हे जाणल्यास शिक्षकाचा राग शमेल व उपायही सापडेल.

पहिली चूक ह्रस्व-दीर्घाची. मराठीत तत्सम शब्दांचा अपवाद सोडल्यास अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ असतो : तीन, वीस, पीठ, मूल, दूध. ही सवय जिभेला इतकी जडलेली असते की मूल ‘पिन’ला ‘पीन’ आणि ‘सिट’ला ‘सीट’ म्हणते. इंग्रजीत मात्र ‘सिट’ म्हणजे बसणे व ‘सीट’ म्हणजे बसण्याची जागा. ‘शिप’ म्हणजे जहाज व ‘शीप’ म्हणजे मेंढी. यावर उत्तम उपाय कानाचा आहे. फळ्याच्या एका बाजूस जहाज व दुसऱ्या बाजूस मेंढी काढावी. शिक्षकांनी दोहोंपैकी एक शब्द उच्चारावा व मुलांनी योग्य चित्राकडे बोट करावे. कान तयार झाला म्हणजे जीभ मागाहून येते.

दुसरी चूक ॲ आणि ऑ या स्वरांची. ‘डॉक्टर’चा ‘डाक्टर’, ‘हॉटेल’चे ‘हाटेल’ आणि ‘बॅट’ची ‘ब्याट’ होते. हे स्वर मराठी लेखनात फार वर्षांपासून वापरात असून २००९ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना वर्णमालेत रीतसर स्थान दिले. क्रिकेटमुळे ‘बॅट’ व ‘बॉल’ हे शब्द आता वाडीवस्तीवरही पोहोचले आहेत. तेथूनच आरंभ करावा. हॅट, हट, हॉट, म्हणजे टोपी, झोपडी, गरम, हे त्रिकूट रोज दोन मिनिटे म्हणून घेतले तरी महिन्याभरात फरक दिसतो.

तिसरी गोष्ट चुकीची नसून सोयीची आहे. मराठीत ‘च’ व ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च निराळा व ‘चारा’मधला निराळा, ‘जीव’मधला ज निराळा व ‘जरा’मधला निराळा. इंग्रजीतील ‘जे’ या अक्षराचा ध्वनी ‘जीव’मधल्या ज सारखा आहे, आणि ‘झेड’चा ध्वनी ‘जरा’मधल्या ज च्या पुष्कळ जवळचा आहे. मराठी मुलाचा कान हा भेद जन्मापासून ऐकत आलेला असतो. शिक्षकांनी तो केवळ दाखवून द्यावयाचा आहे.

‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांचा भेद ओठांनी दाखवावा. पहिल्या अक्षरास वरचे दात खालच्या ओठास लागतात, दुसऱ्यास ओठ गोल होतात व दात लागत नाहीत. इंग्रजीतील ‘टी’ हा ध्वनी मराठी ‘ट’ व ‘त’ यांच्या मधल्या जागी उच्चारला जातो. परंतु भारतातील सुशिक्षित लोक तेथे ‘ट’च उच्चारतात व तो सर्वत्र समजतो. मुलांनी साहेबी उच्चार करावा हा हेतू नाही. ज्या भेदाने अर्थ बदलतो तो भेद पाळला जावा, एवढाच हेतू आहे. त्यापलीकडे उच्चारावरून मुलांना हसणे सर्वथा टाळावे.

लेखन असे वाकडे का?

ध्वनींचे पाठ चालू असता एखादे चौकस मूल विचारील की, ‘नाइफ’च्या आरंभी ‘के’ कशाला? ‘इंग्रजी तशीच आहे’ असे उत्तर दिल्याने मुलाची जिज्ञासा मावळते. खरे उत्तर सोपे आहे. पूर्वी तो ‘क’ उच्चारला जात असे. विल्यम कॅक्सटन याने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना काढला आणि पुढील काळात छापील पुस्तकांमुळे शब्दांची लेखनरूपे हळूहळू स्थिर होत गेली. परंतु सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर पालटले व काही व्यंजने लुप्त झाली. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश निघाला तेव्हा लेखनरूपे बहुतेक पक्की झाली होती, पण जीभ पुढे निघून गेली होती. ‘नेम’ या शब्दाचा उच्चार जुन्या काळी ‘नामअ’ असा काहीसा होता. संस्कृतातील ‘नामन्’ व हा शब्द एकाच मूळ कुळातील आहेत.

मराठीतही असे घडले आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर ज् व ञ् यांच्या संयोगाचे. परंतु मराठी मनुष्य ते ‘द्न्य’ असे वाचतो. ‘ऋषी’ लिहितो व ‘रुषी’ म्हणतो. लेखन जुने राहिले व उच्चार बदलला. इंग्रजीत हे अधिक प्रमाणात घडले एवढेच. हा दाखला दिला म्हणजे परक्या भाषेचा विक्षिप्तपणा मुलांना थोडा ओळखीचा वाटू लागतो.

शिवाय पुष्कळशी विसंगती नियमात बसते. शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ आला म्हणजे आधीचा स्वर बहुधा आपले नावच सांगतो. टॅपचे टेप, किटचे काइट, हॉपचे होप, कटचे क्यूट. अक्षरांची नावे येथे उपयोगी पडतात. म्हणून ती या टप्प्यावर पक्की करून घ्यावीत. ‘सी’ या अक्षरापुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ आल्यास त्याचा उच्चार ‘स’ होतो, एरवी ‘क’. ‘एस’ व ‘एच’ एकत्र आले म्हणजे ‘श’. हे नियम सांगण्यापूर्वी चार-सहा शब्द फळ्यावर लिहून मुलांकडूनच शोधवून घ्यावेत.

नियमात न बसणारे परंतु वारंवार येणारे काही शब्द मात्र पाहून पाहून ओळखावे लागतात : द, वॉज, सेड, वन, टू, दे, आर, कम. असे शब्द आठवड्यास तीनांहून अधिक देऊ नयेत. ढाक्का येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. थोडेच शब्द फार वेळा येतात, हा त्या यादीमागील अनुभव प्राथमिक शिक्षकास धीर देणारा आहे.

व्याकरण : व्याख्येआधी वाक्य

तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती रीत मराठी व्याकरण जाणणाऱ्या, समजत्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी होती. सात-आठ वर्षांच्या मुलास नामाची व क्रियापदाची व्याख्या देऊन इंग्रजी वाक्य येणार नाही. व्याकरण शिक्षकाच्या डोक्यात असावे आणि मुलाच्या तोंडी वाक्य असावे.

शिक्षकाने ध्यानात ठेवावयाचा मुख्य भेद असा. मराठीत शब्दाचे काम विभक्तिप्रत्यय सांगतो. इंग्रजीत ते शब्दाची जागा सांगते. ‘वाघाने गाय मारली’ म्हणा किंवा ‘गाय वाघाने मारली’ म्हणा. ‘ने’ हा प्रत्यय असल्याने मारणारा वाघच राहतो. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द काऊ’ याऐवजी ‘द काऊ किल्ड द टायगर’ म्हटले की गाईनेच वाघ मारला असे होते. म्हणून मूल ‘रमा मँगो ईट्स’ असे म्हणाले, तर ते गोंधळलेले नसून मराठीच्या क्रमाने चालले आहे असे समजावे. रागावण्याऐवजी तीन मुलांच्या हाती ‘रमा’, ‘ईट्स’ आणि ‘मँगोज’ अशा तीन पाट्या द्याव्यात आणि त्यांना योग्य जागी उभे करावे. क्रियापदाची पाटी धरणारे मूल शेवटून मध्ये आले, हे सर्व वर्ग पाहतो. हा एक खेळ दहा व्याख्यांचे काम करतो.

दुसरा भेद ‘टेबलावर’ या शब्दात दिसतो. मराठीत ‘वर’ मागून जोडला जातो व त्यासाठी ‘टेबल’चे ‘टेबला’ असे सामान्यरूप होते. इंग्रजीत ‘ऑन’ पुढे येतो आणि नाम जसेच्या तसे राहते. यासाठी फळ्यावर तीन स्तंभ आखावेत. पहिल्यात बुक, पेन, कप, बॅग. दुसऱ्यात ऑन, इन, अंडर. तिसऱ्यात टेबल, बॉक्स, चेअर. ‘द … इज … द …’ या सांगाड्यात एकेक शब्द भरला की ३६ वाक्ये तयार होतात. प्रत्येक मुलाने एक वाक्य बोलावे आणि ती वस्तू खरोखरच तेथे ठेवून दाखवावी. काही वाक्ये हास्यास्पद होतील. ती ओळखणे हाही अर्थाचा अभ्यासच आहे.

तिसरा भेद मुलांच्या सोयीचा आहे. मराठीत ‘तो जातो’, ‘ती जाते’ असे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत ‘ही गोज’ व ‘शी गोज’ यांत क्रियापद एकच. मात्र तृतीय पुरुषी एकवचनात अंती ‘एस’चा ध्वनी येतो, तो मुले विसरतात. अनेकवचनातही हाच ध्वनी तीन रूपांनी येतो. ‘कॅट्स’मध्ये स्, ‘डॉग्ज’मध्ये ‘जरा’तील ज्, आणि ‘बसेस’मध्ये एक जादा स्वर. नियम न सांगता दोन मांजरे, दोन कुत्री, दोन बसगाड्या अशी चित्रे दाखवून हे रूप तोंडी बसवावे.

काही ठिकाणी शब्दास शब्द ठेवून भाषांतर होत नाही, हेही आरंभापासून सवयीने शिकवावे. ‘मला भूक लागली आहे’ यास ‘आय ॲम हंग्री’ म्हणतात. तेथे ‘मला’ही नाही आणि ‘लागणे’ही नाही. असे वाक्य अख्खे द्यावे व योग्य प्रसंगी वापरावे. मधल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वीची पाच मिनिटे या वाक्यास सर्वांत योग्य होत. ‘ओपन द डोअर’, ‘गिव्ह मी द चॉक’ अशा आज्ञा रोजच्या व्यवहारात दिल्याने इंग्रजी ही केवळ पुस्तकातील नसून बोलावयाची भाषा आहे, याची मुलांना जाणीव होते.

नित्याची व्यवस्था

जेथे एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक वर्ग असतात, तेथे हे सर्व कसे साधावे, अशी शंका येईल. तास थोड्या वेळाचाच असला तरी त्याचे भाग पाडावेत. पाच मिनिटे जुन्या ध्वनींची उजळणी, पाच मिनिटे नवा ध्वनी, त्यानंतर जोडणे व फोडणे, आणि शेवटी दोन-चार वाक्ये बोलणे. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर अक्षरे लिहिली की पहिली-दुसरीची मुले चवथीच्या मुलांबरोबर शब्द जुळवीत बसू शकतात. मोठ्या मुलांचीही उजळणी होते. ज्या शिक्षकांस स्वतःच्या उच्चाराविषयी शंका असेल त्यांनी आकाशवाणीवरील किंवा मोबाइलवरील चांगला उच्चार मुलांसह ऐकावा. शिक्षकही शिकत आहेत हे पाहून मुलांचा संकोच कमी होतो.

मराठी वाचन कच्चे असताना इंग्रजी वाचनाची घाई करू नये. अशा मुलांसाठी आरंभीचे काही महिने इंग्रजी केवळ ऐकण्या-बोलण्याचे ठेवावे. मराठीत जोडणे-फोडणे पक्के झाले की इंग्रजी अक्षरांस विलंब लागत नाही.

वर्षअखेरीस प्रत्येक मुलास एकट्याने जवळ बोलावून वर्गात न शिकविलेले दहा शब्द वाचावयास द्यावेत : नेट, फॅन, लिप, रॉड, जग, टेंट, ड्रम, फ्लॅग, मिल्क, लॅम्प. किती शब्द आले याहून कोणते अक्षर अडले याची नोंद अधिक उपयोगी आहे, कारण पुढील वर्षाचे काम तेथून सुरू होते. ही नोंद नव्या इयत्तेच्या शिक्षकांस द्यावी.

शेतावरील पंपाच्या पेटीवर ‘स्टॉप’ लिहिलेले असते. औषधाच्या पाकिटावर ‘टॅब्लेट’ लिहिलेले असते. हे शब्द कोणत्याही धड्यात आले नसले तरी घरातील मुलाने ते वाचून वडिलांना सांगावेत, एवढी अपेक्षा प्राथमिक शाळेकडून ठेवणे रास्त आहे. ज्या मुलास अक्षरांचे ध्वनी जोडता येतात, ते मूल त्यासाठी कोणी सांगण्याची वाट पाहत नाही.